किल्ली आणि प्रार्थना

(सोलापूर येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



स्मृतिव्याख्यानाचा एक रिवाज असतो. ज्यांच्या नावानं बोलायचं त्यांचे गुण आधी गायचे आणि मग विषयाला हात घालायचा. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना हे रुचलं नसतं. गिरणीच्या चाळीतली पोरं शिकवण्यात त्यांची हयात गेली आणि सभेत कुणी पाल्हाळ लावला की ते मागच्या रांगेतून 'कामाचं बोला' म्हणायचे. तेव्हा कामाचं बोलतो.

शहरात अशी एखादी वस्ती असते की तिचं नाव घेतलं तरी बाकीचं शहर बिचकतं. अशा वस्तीत जाऊन, प्रार्थना हेच मुख्य साधन मानून काम करणारी ख्रिस्ती माणसं जगभर झाली. त्यांनी काय केलं, त्यातलं काय टिकलं आणि काय नासलं, हा आजचा विषय. याचं उदाहरण शोधायला सोलापूरकरांना लांब जावं लागत नाही. सेटलमेंट फ्री कॉलनी ही पाटी आपण रोज वाचतो. तिथल्या एखाद्या पदवीधर मुलाला विचारा. नोकरीच्या अर्जावर हा पत्ता लिहिताना त्याचा हात अडखळतो. मुलाखतीत 'राहायला कुठे?' या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं की समोरच्याचा सूर बदलतो, हे तो तुम्हाला सांगेल.

ही भीती आली कुठून, ते आधी पाहू. ब्रिटिश सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सगळीकडे लागू करण्याची सोय झाली आणि १९२४ साली त्याची नवी आवृत्ती आली. एखाद्या जमातीला सरकारनं राजपत्रातून गुन्हेगार ठरवलं की ती गुन्हेगार. त्या अधिसूचनेच्या वैधतेला कोणत्याही कोर्टात आव्हान देता येत नसे. नोंदणी झालेल्या माणसानं बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर कळवायचं. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची. आणि सरकारला वाटलं तर अख्ख्या कुटुंबांना उचलून कुंपणाच्या आत ठेवता येत होतं. सहा वर्षांच्या पोराला आईबापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत घालण्याचीही तरतूद होती. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, छप्परबंद, मांगगारुडी अशा कितीतरी जमातींत मूल जन्माला आलं की त्याच्यावरचा संशयही त्याच्याबरोबर जन्माला यायचा.

मुंबई इलाख्यात या वसाहतींची घडी बसवली ओ. एच. बी. स्टार्ट या आय.सी.एस. अधिकाऱ्यानं. सुरुवात विजापुरात झाली. मग हुबळी, गदग, बारामती आणि आपलं सोलापूर. सोलापूरच का, याचं उत्तर गिरण्यांत आहे. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरणी, सुरू झाली. पाठोपाठ इतर आल्या. गिरण्यांना माणसं हवी होती आणि सरकारला 'उद्योगाला लावलेली' माणसं दाखवायची होती. दोघांचीही सोय झाली.

स्टार्ट हा माणूस मात्र एका रंगात रंगवता येत नाही. नुसतं कोंडून माणूस सुधारत नाही, हे त्याला कळत होतं. म्हणून त्यानं पायऱ्या आखल्या. आधी तारेच्या आत. वागणूक चांगली राहिली तर तारेबाहेर झोपडी. आणि शेवटी सुटका झालेल्यांसाठी मोकळी वसाहत, फ्री कॉलनी. आपल्या त्या पाटीचा उगम हा. पुढे दलित आणि आदिवासींच्या प्रश्नावर मुंबई सरकारनं नेमलेल्या ज्या समितीत डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा सदस्य होते, तिचा अध्यक्षही हाच स्टार्ट. कायदा राक्षसी असला तरी तो राबवणारा प्रत्येक जण राक्षस नव्हता. आपल्या विषयातली खरी अडचण इथूनच सुरू होते. राक्षसाशी भांडणं सोपं असतं.

या वसाहती चालवायच्या कुणी? पोलिसांनी चालवल्या तर तो तुरुंग ठरणार. म्हणून सरकारनं मिशनांना बोलावलं. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनकडे आली. हे मिशन कालपरवाचं नव्हतं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं बसलं, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघाला आणि १८६० च्या दशकात मिशन सोलापुरात आलं. इथे त्यांनी मुलींची शाळा काढली, ती वोरोनोको या नावानं आपल्याला ठाऊक आहे. बालवाडी काढली आणि बालवाडीच्या शिक्षिका तयार करण्याचे वर्ग चालवले. लहान मुलांना खेळातून शिकवायचं असतं, हे या शहरानं ज्यांच्याकडून पाहिलं त्यांत ही माणसं होती. त्याच मिशनच्या हातात सेटलमेंट आली. मिशनच्या लेखनात या कामाशी जोडलेलं उमेदपूर असं नाव येतं. नावातच त्यांची आशा दिसते.

आता त्या आशेचा एक दिवस डोळ्यांसमोर आणू. पहाटे गिरणीचा भोंगा होतो. तारेच्या आत माणसं रांगेत उभी राहतात. हजेरीबुक उघडतं. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं. मग कामकऱ्यांची टोळी गिरणीकडे निघते, मुलं शाळेत जातात. मधेच कुणाची बहीण पलीकडच्या तालुक्यात बाळंत झालेली असते. तिला भेटायचं तर पास हवा. पासावर नाव, कुठे जाणार, किती दिवस आणि परतायचं कधी. तो पास देणं किंवा नाकारणं व्यवस्थापकाच्या हातात. संध्याकाळी परत हजेरी. आणि त्याच मिशनच्या माणसांची, त्याच तारेच्या आत, उपासना. पेटी, टाळ, भजन, बायबलचा उतारा, डोळे मिटून प्रार्थना.

त्या उपासनेला बसलेल्या बाईच्या मनात शिरून पाहा. पुढे जो माणूस डोळे मिटून देवाची करुणा भाकतो आहे, त्याच्याच टेबलावर तिच्या पासाचा अर्ज पडला आहे. ती आली ती गाणं आवडतं म्हणून, देवावर विश्वास बसला म्हणून, की अर्ज आठवतो म्हणून? हे तिला स्वतःलाही नक्की सांगता येणार नाही. समोरच्या भल्या माणसालाही कळणार नाही. उपासना ऐच्छिक आहे असं त्यानं शंभरदा सांगितलं, तरी जिथून बाहेर पडणं ऐच्छिक नाही तिथे कुठलीच गोष्ट पुरती ऐच्छिक राहत नाही.

मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. भयाच्या वस्तीत प्रार्थनेची किंमत प्रार्थनेच्या शब्दांवरून किंवा आर्ततेवरून ठरत नाही. प्रार्थना करणाऱ्याच्या दुसऱ्या हातात काय आहे, यावरून ती ठरते. त्या हातात किल्ली असेल तर प्रार्थनेचीही हजेरी होऊन बसते. पुढचं सगळं या एका मापानं मोजून पाहू.

पहिलं उदाहरण सोलापूरबाहेरचं, पण आपल्या प्रश्नाचा गाभा दाखवणारं. फ्रेडरिक टकर हा पंजाबातला आय.सी.एस. अधिकारी. १८८१ मध्ये त्यानं नोकरी सोडली आणि मुक्तिफौजेत, म्हणजे साल्व्हेशन आर्मीत गेला. सप्टेंबर १८८२ मध्ये मूठभर सोबत्यांसह मुंबईला उतरला. भगवे कपडे, अनवाणी पाय आणि फकीर सिंग हे नाव. रस्त्यावर वाजतगाजत मिरवणुका काढल्या म्हणून मुंबईच्या गोऱ्या पोलिसांनी या गोऱ्या फकिराला पकडलं. तेव्हा मुंबईतल्या हिंदू-मुसलमान पुढाऱ्यांनाही त्याच्याबद्दल आपुलकी वाटली, कारण प्रार्थनेसाठी सरकारचा रोष ओढवून घेणारा साहेब त्यांनी पाहिला नव्हता. त्याच टकरनं पुढे, १९०८ पासून, संयुक्त प्रांतात सरकारच्या मदतीनं गुन्हेगार जमातींच्या वसाहती चालवायला घेतल्या आणि त्या कामाचं शास्त्र सांगणारं पुस्तकही लिहिलं. पंचवीस-सव्वीस वर्षांत पकडला जाणारा माणूस पकडून ठेवणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्याची श्रद्धा कमी झाली नव्हती, कळवळाही आटला नव्हता. बदललं ते एवढंच की आता सरकारचं अनुदान त्याच्याकडे येत होतं आणि गेटची किल्लीही.

आता आपल्याच रेल्वेमार्गावर या. पुण्याला जाताना दौंड ओलांडलं की केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो मुली-बायका तिथे आणल्या. १९०५ च्या सुरुवातीला काही मुली रोज एकत्र येऊन प्रार्थना करू लागल्या. बघता बघता त्या शेकडो झाल्या. त्या वर्षीच्या जूनअखेर तिथे प्रार्थनेची जी लाट उसळली, तिची दखल जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात घेतली जाते. तिथे प्रार्थना करणाऱ्या कोण होत्या? दुष्काळातून वाचलेल्या, टाकलेल्या, विधवा झालेल्या मुली स्वतः. कुणी बाहेरून येऊन त्यांच्यासाठी करुणा भाकत नव्हतं. त्या स्वतःच्या तोंडानं मागत होत्या, रडत होत्या, गात होत्या. मुक्तीतही शिस्त कडक होती, हे विसरू नये. पण रमाबाईंची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांना कसं वागवलं जातं, यावर त्यांनी सरकारवर जाहीर टीका केली आणि गव्हर्नराचा राग ओढवून घेतला. प्रार्थना त्यांना सरकारच्या आश्रयाला घेऊन गेली नाही, उलट सरकारला चार शब्द सुनावण्याचं बळ तिनं दिलं.

तिसरे आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक. ख्रिस्ती घरांत आजही त्यांची भजनं म्हटली जातात. ओवी-अभंगाच्या वाटेनं जाणारी त्यांची उपासना मराठी माणसाला परकी वाटली नाही, हे त्यांचं मोठं काम. आज मला मात्र त्यांच्या १९१७ सालच्या निर्णयाबद्दल बोलायचं आहे. त्या वर्षी त्यांनी मिशनचा पगार सोडला. त्याच अमेरिकन मराठी मिशनचा. साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही या दरबारात बरोबरीनं येऊ शकत. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त टिळकांच्या या देवावर हवाला टाकण्यापायी घरात काय काय भोगावं लागलं, ते हसत-रडत सांगितलेलं आहे. पगार सोडणं हे कीर्तनात सांगायला छान असतं, चूल पेटवणाऱ्या बाईला विचारा. तरीही टिळकांनी जे ओळखलं ते खरं होतं. पगार देणाऱ्याचा हात प्रार्थनेवर पडतो, आणि समोरचा माणूस तो हात बरोबर ओळखतो.

चौथं उदाहरण मुंबईचं. नागपाडा आणि कामाठीपुरा यांच्या सीमेवर, १९२०च्या दशकात, याच अमेरिकन मराठी मिशनचा क्लिफर्ड मॅन्शार्ड नावाचा तरुण आला. शिकागो विद्यापीठात शिकलेला. लंडनचं टॉयन्बी हॉल १८८४ मध्ये आणि जेन अ‍ॅडम्सचं शिकागोतलं हल हाउस १८८९ मध्ये निघालं होतं. शिकलेल्या माणसांनी गरीब वस्तीत घर करून शेजारी म्हणून राहायचं, ही त्यांची रीत. मॅन्शार्डनं १९२७ मध्ये नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं. वाचनालय, दवाखाना, बालवर्ग, व्याख्यानं आणि पोरांसाठी बास्केटबॉल. नागपाड्याची पोरं पुढे बास्केटबॉलमध्ये देशात गाजली, त्या नादाचं मूळ इथे आहे. मॅन्शार्डनं ठरवून टाकलं होतं की हे घर धर्मांतराचं साधन होणार नाही. हिंदू, मुसलमान, पारशी, ज्यू, ख्रिस्ती सगळे इथे येतील आणि आपापल्या धर्मात राहतील. दंगलींनी पोळलेल्या त्या भागात तो हिंदू-मुसलमान प्रश्नावर चर्चा घडवत होता आणि त्यावर त्यानं १९३६ मध्ये पुस्तकही काढलं. त्याच वर्षी, टाटा विश्वस्त निधीच्या मदतीनं, नागपाड्याच्या त्याच इमारतीत समाजकार्याची शाळा सुरू झाली. आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. समाजकार्याची पदवी घेणाऱ्या आपल्या मुलांना हे सहसा कुणी सांगत नाही की त्यांच्या विद्येचा पाळणा एका मिशनरी घरात, एका बदनाम वस्तीच्या काठावर हलला.

तुम्ही विचाराल, यात प्रार्थना कुठे आहे? मॅन्शार्डनं ती सभागृहातून काढून स्वतःच्या खोलीत ठेवली, असं माझं वाचन आहे. त्याच्या मिशनमधल्या सगळ्यांना हे पटलं असेल असं नाही. पण त्या एका निर्णयामुळे नागपाड्याची आई मुलाला तिथे पाठवताना निर्धास्त राहिली. सोलापूरची वसाहत आणि नागपाड्याचं घर, दोन्ही एकाच मिशनची कामं. काळ जवळपास तोच, श्रद्धाही तीच. फरक एवढाच की नागपाड्याचं दार दोन्ही बाजूंनी उघडत होतं.

पण मग असंही म्हणता येईल की प्रार्थना बाजूला ठेवली तरच काम चोख होतं. हे मला मान्य नाही. प्रार्थना अगदी मध्यभागी ठेवून, उघडपणे ख्रिस्ती राहून केलेल्या कामाचीही उदाहरणं आहेत. हाँगकाँगला कौलूनमध्ये एक तटबंद वस्ती होती. जेमतेम साडेसहा एकरांत तीसेक हजार माणसं, अफू-हेरॉइनचे अड्डे, टोळ्यांचं राज्य आणि पोलिसांची पाठ. तिथे १९६० च्या दशकात जॅकी पुलिंजर ही इंग्रज तरुणी एकटी गेली. मागे कुठलंही मोठं मिशन नव्हतं. व्यसन सोडताना होणाऱ्या यातनांत ती आणि तिचे सोबती रात्रंदिवस त्या पोरांजवळ बसून प्रार्थना करत. १९९० च्या दशकात ती वस्ती पाडली गेली, तोवर पुष्कळ माणसं त्या गल्ल्यांतून बाहेर पडली होती. मुंबईत कामाठीपुऱ्यात १९९० पासून बॉम्बे टीन चॅलेंज हे असंच काम करत आलं आहे. टीन चॅलेंज ही चळवळ मूळ न्यूयॉर्कमधली, डेव्हिड विल्करसन या पाळकानं टोळीबाज पोरांमध्ये सुरू केलेली.

इथे प्रार्थना करणाऱ्याच्या हातात किल्ली नाही. असलीच तर धोक्यातली भागीदारी आहे. टोळीवाला पुलिंजरला मारू शकतो, ती त्याला अडकवू शकत नाही. त्यामुळे तिथला तरुण डोळे मिटतो तेव्हा त्याला काही सिद्ध करायचं नसतं. आणि मिटले नाहीत तरी त्याचं काही बिघडत नाही.

एक सावधगिरीचा शब्द इथेच सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात हातभट्टीनं किती घरं बुडवली हे इथे बसलेल्यांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. तिथे प्रार्थनेच्या जोडीला डॉक्टर हवाच. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे औषध आहे, गटचर्चा आहे आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढच्याला हात देतात. त्या गटात बसणारा नास्तिक असो की वारकरी, हे बळ त्याला ओळखता येतं. आपल्यासारखाच पडलेला माणूस उठून शेजारी बसला आहे, हे पाहूनच धीर येतो.

आता परत सोलापुरात. १९४९ मध्ये मुंबई राज्यानं गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द केला. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून तो गेला आणि 'विमुक्त' हा शब्द सरकारी कागदावर आला. पंडित नेहरू सोलापुरात आले आणि त्यांनी सेटलमेंटची तार तोडली, ही आठवण या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तार तुटली, पण मुंबई इलाख्यात १९४७ सालीच सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा कायदा आला होता आणि १९५९ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. जमातीची नोंद गेली, माणसाची आली. पोलीस ठाण्याच्या रेकॉर्डवर नावं मात्र बऱ्याचदा त्याच घरांतली राहिली. गिरण्यांचे भोंगे बंद पडले, तेव्हा ज्या कामासाठी या कुटुंबांना इथे आणून बसवलं होतं, तेही गेलं. आपल्याच सोलापूरचे बाळकृष्ण रेणके विमुक्त-भटक्या जमातींसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष झाले आणि २००८ मध्ये त्यांच्या आयोगानं अहवाल दिला. त्यातल्या शिफारशींचा पाठपुरावा करण्यात संघटनांची पुढची कितीतरी वर्षं गेली.

अलीकडे, २०२१ मध्ये, सोलापूर ग्रामीण पोलिसांनी तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकारानं 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतलं. हातभट्टीच्या तांड्यांची जबाबदारी अधिकाऱ्यांनी वाटून घेतली, भट्ट्या मोडल्याच, पण त्यांच्या जागी दुसरा रोजगारही उभा करू पाहिला. चांगलं काम आहे आणि त्याचं कौतुक झालं ते योग्यच. तरी शंभर वर्षांपूर्वीचा स्टार्ट मला तिथेही आठवतो. सुधारायला येणारा आणि पकडू शकणारा हात एकच असेल, तर कामाला यश आल्यावरही तांड्याच्या मनातली शंका जात नाही. दोष अधिकाऱ्याच्या हेतूत नसतो, त्या हाताच्या रचनेत असतो.

आणि प्रार्थना? ती या वस्त्यांतून गेलेली नाही. मिशनची सत्ता गेल्यावर ती उलट जास्त आपली झाली, असं मला दिसतं. घरप्रार्थनेचा एखादा नेहमीचा प्रसंग घ्या. दहा बाय बाराची खोली. दाराशी चपलांचा ढीग. ढोलकी आणि खंजिरी. पाळक कधी येतो, कधी नाही, त्यावाचून काही अडत नाही, कारण बायकांना भजनं पाठ आहेत. भजनं झाली की विनंत्या. एकीच्या पोराला जामीन मिळत नाही, गुरुवारी तारीख आहे. एकीला टी.बी.ची औषधं सोसत नाहीत. एकीचा नवरा चार दिवस घरी आलेला नाही. एकीला शाळेत मुलीचा दाखला हवा आहे आणि जातीच्या पुराव्यासाठी आजोबांचा कागद मागतात. मग सगळ्या एकदम, आपापल्या आवाजात मागतात. पूर्वी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली जायची, त्या आता स्वतःच दुसरीसाठी मध्यस्थी करतात. खोलीतल्या कुणाच्याही हातात कुणाचा पास नाही. आमेन झाल्यावर चहा होतो आणि गुरुवारी त्यांतल्या दोघी कोर्टाच्या दारात तिच्यासोबत उभ्या असतात. हिंदू शेजारीण आली तर तिलाही जागा होते. घरी गेल्यावर ती देव्हाऱ्यापुढे दिवा लावते आणि त्यात तिला काही विसंगत वाटत नाही.

इथे धर्मांतराचा प्रश्न येतोच. तो टाळून जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. सत्तेच्या किंवा भाकरीच्या जोरावर झालेलं धर्मांतर मला नको वाटतं, आणि सेटलमेंटच्या तारेआड झालेल्या बाप्तिस्म्यांकडे मी म्हणूनच साशंकतेनं पाहतो. पण एखाद्या प्रौढ बाईनं स्वतःच्या बुद्धीनं येशूला हाक मारली तर तो तिचा घटनेनं दिलेला हक्क आहे, आणि तिच्या प्रार्थनेवर पहारा बसवणारे लोक नकळत ते जुनं हजेरीबुकच पुन्हा उघडतात. शिवाय व्यवहार पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला तर त्याच्या सवलती जातात. आमिषाचं बोलायचं तर कागदावर तरी तोटाच पदरी पडतो. किल्ली मिशनऱ्याच्या हातात असो, पोलिसाच्या असो की धर्माचं रक्षण करायला निघालेल्या जमावाच्या, आपलं माप एकच राहिलं पाहिजे. या माणसाला नाही म्हणता येतं का? नाही म्हटल्यावर त्याचं काही नुकसान होतं का? होत नसेल तर त्याच्या होकारावर शंका घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

जुन्या मिशनला मग काय म्हणायचं? तोलून सांगायचं तर त्यांनी शाळा दिल्या, बालवाड्या दिल्या, इतरांनी वाळीत टाकलेल्या माणसांना नावानं हाक मारली. हे ऋण नाकारणं कृतघ्नपणा होईल. आणि त्यांनी किल्ली घेतली. ती नाकारता आली असती. घेतल्यावर त्यांच्या चांगल्या कामालाही तिचा गंज लागला. शंभर वर्षांनी त्यांची शाळा अभिमानानं सांगितली जाते आणि त्यांनी चालवलेल्या वस्तीचा पत्ता लपवावा लागतो.

म्हणून भयाच्या वस्तीत प्रार्थना घेऊन जाऊ इच्छिणाऱ्या कुठल्याही धर्माच्या माणसाला माझं सांगणं आहे. जाण्याआधी हातातलं काय काय खाली ठेवता येईल ते पाहा. रेशनची यादी तुमच्या हातात असेल तर प्रार्थना दुसऱ्याला घेऊ द्या. शाळेचा प्रवेश तुमच्या हातात असेल तर दारावरच लिहा की उपासनेशी याचा संबंध नाही. आणि शक्य असेल तर तिथेच भाड्यानं खोली घ्या. सकाळी नळावर भांडण झालं आणि संध्याकाळी त्याच बाईशेजारी बसून प्रार्थना करावी लागली, म्हणजे प्रार्थनेचा कस लागतो.

आपल्याकडेही, म्हणजे ज्यांना कुणी बिचकत नाही अशा वस्त्यांत राहणाऱ्यांकडे, काम आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या मातृसंस्थेची, म्हणजे अमेरिकन बोर्डाची, कागदपत्रं आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. सरकारी दप्तरं सरकारकडे आहेत. ज्या माणसांची नावं त्या हजेरीबुकांत आहेत, त्यांच्या नातवंडांना जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा पुरावा मागितला जातो आणि तो पुरावा दुसऱ्यांच्या कपाटात बंद असतो. त्या कागदांच्या प्रती सोलापुरात आणणं, त्या वाचायला त्या वस्तीतल्याच मुलांना शिकवणं, आणि एखादा दाखला अडला की त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होईल असं पाहणं, हे काम विद्यापीठ, चर्च आणि सामाजिक संघटना एकत्र बसून करू शकतात. त्यासाठी कुणाची श्रद्धा आडवी येत नाही.

शेवटी संयोजकांना एक विनंती. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन असतो. पुढचं स्मृतिव्याख्यान त्या दिवशी, सेटलमेंटमध्येच ठेवा. वक्ता तिथलाच असावा, विषय त्याच्या मर्जीचा असावा, आणि आपण सगळ्यांनी ऐकायला जावं. गुरुजींनी याला कामाचं बोलणं म्हटलं असतं.